पेरूत मासेमारी थांबली तेव्हा शैवालाचं तेल कुठं होतं? एक प्रकरण अभ्यास

जून 2023 मधे पेरूनं आपल्या मुख्य समुद्रपट्ट्यातला अँचोव्हेटाचा पहिला हंगाम रद्द केला, आणि पुढच्या काही महिन्यांत जगभरच्या माशांच्या खाद्याचं गणितच विस्कटलं. माझ्या मते माशांच्या खाद्यातल्या सूक्ष्म शैवालाच्या भवितव्याबद्दल जे काही शिकायचंय ते सगळं या एका प्रसंगात सापडतं, म्हणून तोच उलगडून बघूया.

अँचोव्हेटा म्हणजे वीतभर लांबीचा, चकचकीत, तेलकट मासा. आपल्याकडे तारली असते साधारण त्याच जातकुळीचा. पेरूत तो लोक खातात फार थोडा, बहुतेक सगळा थेट किनाऱ्यावरच्या कारखान्यात जातो, तिथं शिजवतात, दाबतात, तेल वेगळं आणि चोथा वेगळा, चोथा सुकवून दळला की फिशमील. शंभर किलो माशातून साधारण 22-23 किलो फिशमील निघतं आणि तेल चार-पाच किलो, तेही मासा चांगला पोसलेला असेल तर. सर्वसाधारण वर्षी जगातल्या फिशमीलचा आणि फिश ऑइलचा जवळपास पाचवा हिस्सा एकट्या पेरूतून येतो. आता एवढा मोठा वाटा एका देशाच्या एका माशावर उभा आहे आणि तो मासा थंड पाण्यावर जगतो. 2023 ला एल निनो आला, किनाऱ्यालगतचं पाणी तापलं, पाहणीसाठी जाळी टाकली तर त्यात 12 सेंटीमीटरपेक्षा लहान पिल्लंच फार. पिल्लं मारली तर पुढची वर्षं जातील, म्हणून सरकारनं हंगाम थांबवला. निर्णय योग्यच होता, याबद्दल मला तरी शंका नाही. ऑक्टोबरमधे दुसरा हंगाम उघडला, 16.82 लाख टनांचा कोटा दिला, पण तेव्हा माशात तेलच नव्हतं, उतारा अगदी खाली गेलेला. म्हणजे मासे थोडेफार आले, तेल नाही आलं.

मग फिश ऑइलचे भाव. दोन-तीन वर्षांपूर्वी टनाला दोन हजार डॉलरच्या आसपास असलेली गोष्ट 2023 संपता संपता आठ हजारांच्या वर गेली. जगात फिश ऑइल मुळातच वर्षाला दहा-बारा लाख टनच निघतं, आणि हा आकडा वर्षानुवर्षं तिथंच आहे, कारण समुद्रातून जेवढं काढता येतं तेवढं आपण काढतोच आहोत. वर याच तेलासाठी माणसांच्या ओमेगा-3 कॅप्सूलवाले पण रांगेत, आणि ते खाद्यवाल्यांपेक्षा जास्त पैसे मोजू शकतात.

आता हे तेल लागतं कशाला ते नीट समजून घेऊ, कारण इथंच बऱ्याच जणांची गल्लत होते. सॅल्मनला (आपला रावस नव्हे, नॉर्वे-स्कॉटलंडच्या पिंजऱ्यात वाढतो तो) फिश ऑइलमधलं सगळं लागत नाही, त्याला खरं तर दोन ओमेगा-3 फॅटी ॲसिडं हवीत, ईपीए आणि डीएचए. बाकी उष्मांक कुठल्याही तेलातून मिळतात. म्हणून गेल्या तीस वर्षांत नॉर्वेनं काय केलं, तर 1990 ला ज्या खाद्यात जवळपास 90 टक्के माल समुद्रातला होता त्यात हळूहळू सोया, गहू, रेपसीड तेल घातलं. 2020 पर्यंत फिशमील 12 टक्के आणि फिश ऑइल 10 टक्के एवढंच उरलं. ऐकायला छानच वाटतं, समुद्रावरचा भार कमी झाला. पण मासा जे खातो तेच त्याच्या अंगात उतरतं. स्कॉटलंडच्या स्टर्लिंग विद्यापीठानं 2006 ते 2015 मधले तीन हजारांहून जास्त मासे तपासले आणि 2016 ला पेपर काढला, त्यात सॅल्मनमधलं ईपीए-डीएचए दहा वर्षांत निम्म्यावर आलेलं दिसलं. पूर्वी आठवड्याला एक तुकडा खाऊन जे मिळायचं त्यासाठी आता दोन तुकडे. ज्या गोष्टीसाठी लोक हा महाग मासा विकत घेतात तीच त्यातून गळत चाललेली.

आणि प्रश्न फक्त खाणाऱ्याचा नाही, माशाचाही आहे. प्रयोगशाळेतल्या टाकीत, सगळं शांत असताना, थोड्या ईपीए-डीएचएवर सॅल्मन मजेत वाढतो. पण खऱ्या समुद्रात, पिंजऱ्यात, अंगावरच्या समुद्री उवा काढण्यासाठी दर थोड्या दिवसांनी हाताळणी, पाण्याचं तापमान वरखाली, अशा ताणात नॉर्वेतल्या चाचण्यांमधे जास्त ईपीए-डीएचए दिलेले मासे जास्त काटक निघाले, मांसावरचे काळे डागही कमी झाले. हे डाग म्हणजे पिंजरेवाल्याचं थेट नुकसान, डाग पडलेला भाग कापून टाकावा लागतो. म्हणजे खाद्यातलं तेल अजून कमी करत जाणं हा रस्ता आता संपलाय.

तर मग शैवाल. समुद्रातलं ईपीए-डीएचए मुळात मासा बनवतच नाही, ते बनवतात सूक्ष्म शैवालं आणि त्यांचे भाऊबंद, ती खातात प्राणिप्लवक म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, त्यांना खातो अँचोव्हेटा. मग मधला मासाच वगळून थेट शैवालाकडून तेल का घेऊ नये, हा विचार अगदी सरळ आहे. आणि 2023 ला हे नुसतं विचाराच्या पातळीवर नव्हतं, कारखाना तयार होता, चार वर्षं चालू होता.

हा कारखाना अमेरिकेत नेब्रास्का राज्यात ब्लेअर नावाच्या गावात आहे. समुद्रापासून इतका लांब की बघणाऱ्याला पटणार नाही इथं माशांच्या खाद्यासाठी तेल बनतं. डीएसएम आणि एव्हॉनिक या दोन युरोपियन कंपन्यांनी मिळून व्हेरामॅरिस नावाची कंपनी काढली, 20 कोटी डॉलर घातले आणि जुलै 2019 ला प्लँट सुरू केला. जागा ब्लेअरच का, तर तिथं कारगिलचा मक्यापासून साखर काढणारा मोठा कारखाना आहे, ग्लुकोज शेजारूनच मिळतं. त्या ग्लुकोजवर शिझोकायट्रियम नावाचा सूक्ष्मजीव वाढवतात. शास्त्रज्ञ काटेकोरपणे त्याला शैवाल म्हणत नाहीत, पण धंद्यात सगळे शैवालच म्हणतात, मीही तेच म्हणतो. याला ऊन लागत नाही. बंद स्टीलच्या टाकीत, अंधारात, साखर आणि हवा दिली की पेशी वाढतात, मग त्यांना नायट्रोजनची उपासमार घडवली की त्या वाढ थांबवून पोटात तेल साठवायला लागतात. पेशी फोडून तेल वेगळं करतात. या तेलात निम्म्याहून जास्त भाग ईपीए आणि डीएचए असतो. उरलेला चिकट द्रव आटवून जवळपासच्या गुरांच्या खाद्यात जातो, नेब्रास्का विद्यापीठानं त्यावर मांसासाठी पाळलेल्या गुरांच्या चाचण्याही केल्यात, म्हणजे मागं फारसं काही वाया जात नाही.

सुरुवातीला कंपनीनं सांगितलं होतं की पूर्ण क्षमतेनं चालवलं तर जगातल्या सॅल्मन शेतीची ईपीए-डीएचएची साधारण 15 टक्के गरज हा एक प्लँट भागवेल. नॉर्वेच्या हार्डांगर भागातली लिंगालाक्स ही मध्यम आकाराची कंपनी पहिल्या गिऱ्हाइकांपैकी, खाद्य स्क्रेटिंग या कंपनीचं, आणि तो मासा जर्मनीत काउफलांडच्या दुकानांत विकला गेला. एवढी साखळी जुळली होती. आणि तरी नॉर्वेचे 2020 चे आकडे बघा. त्या वर्षी तिथं सॅल्मनच्या खाद्यात 19.76 लाख टन कच्चा माल गेला, त्यात शैवाल, कीटकांचं पीठ, बॅक्टेरियाचं प्रोटीन, किण्वित पदार्थ असं सगळं नवं मिळून 8,130 टन, म्हणजे 0.4 टक्के. फिश ऑइल मात्र दोन लाख टनांच्या घरात, जगातल्या सगळ्या फिश ऑइलचा पाचवा-सहावा हिस्सा एका देशाच्या एका माशाला.

विज्ञान तयार, कारखाना तयार, गिऱ्हाईक ओळखीचं, मग 0.4 वर का अडलं? कारण भाव. पण "शैवालाचं तेल महाग" असं नुसतं म्हणणं बरोबर नाही, कारण खाद्य बनवणारा तेल किलोवर विकत घेत असला तरी हिशोब ईपीए-डीएचएचा करतो. पेरूच्या तेलात ढोबळमानानं 18 टक्के ईपीए आणि 12 टक्के डीएचए, मिळून 30. शैवालाच्या तेलात 50 धरा. म्हणजे शैवालाचं तेल फिश ऑइलच्या पावणेदोनपटीच्या थोडं आत मिळालं तर बरोबरी झाली. फिश ऑइल 2,000 डॉलर असताना शैवालाचं तेल 3,300 च्या आसपास मिळायला हवं, आणि टाकीत साखर ओतून, वीज जाळून बनवलेली वस्तू त्या भावात देणं फार अवघड. पण फिश ऑइल 8,000 झालं की बरोबरीची रेषा 13,000 च्या वर सरकते, आणि तिथं शैवाल एकदम स्वस्त दिसायला लागतं. 2023 च्या शेवटी हेच झालं. जे खरेदी अधिकारी वर्षानुवर्षं "बघू, बघू" म्हणत होते तेच फोन करायला लागले.

फक्त तेव्हा उशीर झालेला असतो हो. फर्मेंटेशन प्लँट काही नळ नाही की सोडला आणि पाणी आलं, नवा उभा करायला दोन-तीन वर्षं आणि शेकडो कोटी रुपये लागतात, आणि ते पैसे कुणी तेव्हाच घालतो जेव्हा पुढची सात-आठ वर्षं माल उचलला जाईल याची लेखी खात्री असते. 2024 ला काय झालं बघा. पाणी परत थंड झालं, एप्रिलमधे पेरूनं पहिल्या हंगामाला 24.75 लाख टनांचा कोटा दिला, मासा आला, तेल आलं, आणि वर्षअखेरीपर्यंत फिश ऑइलचे भाव धाडकन खाली. फोन परत थंडावले. हा सगळा खेळ एल निनोबरोबर फिरत राहतो, आणि एल निनो दर काही वर्षांनी येणारच, हे पेरूच्या कोळ्यालाही माहितीय आणि ओस्लोच्या बँकेलाही.

याच ठिकाणी एक जुनं उदाहरण आठवल्याशिवाय राहवत नाही. सोलाझाइम नावाची कॅलिफोर्नियाची कंपनी, 2003 ला सुरू झालेली, शैवालापासून डिझेल बनवणार होती. अमेरिकेच्या नौदलाला इंधन पुरवलं, 2011 ला शेअर बाजारात आली, केवढं कौतुक. पण खनिज तेल स्वस्त झालं आणि इंधनाचं गणित बसेना. मग त्यांनी 2016 ला नाव बदलून टेराव्हिया केलं आणि अन्न, खाद्य यांच्याकडे वळले. ब्राझीलमधे साओ पावलो राज्यात ओरिंडिउव्हा इथं बुंगे कंपनीच्या साखर कारखान्याला लागूनच त्यांचा प्लँट, उसाचा रस कच्चा माल, बगॅसची म्हणजे उसाच्या चोथ्याची वीज. तिथून सॅल्मनसाठी डीएचएनं भरलेलं सुकं शैवाल निघायला लागलं, बायोमारसारखा मोठा खाद्य उत्पादक ते घ्यायला लागला. म्हणजे योग्य वस्तू, योग्य गिऱ्हाईक सापडलं होतं, पण कर्जाचा डोंगर आधीचाच. ऑगस्ट 2017 ला कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. नेदरलँड्सच्या कॉर्बिअननं ती साधारण 2 कोटी डॉलरला घेतली, ज्यात आधी कित्येक पट पैसा गेला होता. आणि तोच प्लँट, तेच शैवाल, कॉर्बिअनच्या हाताखाली चालत राहिलं, 2023 च्या टंचाईत तर कंपनीच्या ओमेगा-3 धंद्यानं जोरात वाढ दाखवली.

मला यातून दिसतं ते असं, की पहिल्यांदा प्लँट बांधणारा जवळपास नेहमी मार खातो आणि स्वस्तात उचलणारा दुसरा तग धरतो. हा निसर्गनियम वगैरे नाही, पैसा कुणाच्या डोक्यावर ठेवलाय त्याचा परिणाम आहे. पिंजरेवाल्या कंपन्या, खाद्यवाले आणि सुपरमार्केट यांनी भाव पडलेले असताना सुद्धा ठराविक टनेजचे दीर्घ मुदतीचे करार केले असते तर पहिल्याला मरायची वेळ आली नसती. नॉर्वेतल्या सॅल्मन कंपन्या चांगल्या वर्षी प्रचंड नफा कमावतात, आणि शैवालाचं तेल घातलं तरी ते खाद्याच्या दोन-तीन टक्केच असतं, मग सगळा जास्तीचा खर्च माशाच्या किलोमागे काढला तर तो दुकानातल्या भावात शोधावा लागेल इतका छोटा असतो. तरी कुणी आधी पाऊल टाकत नाही कारण शेजारचा टाकत नाही. याचा मला मनापासून राग येतो.

आता आपल्याकडचा प्रश्न. ब्राझीलमधे साखर कारखान्याशेजारी हे होत असेल तर पश्चिम महाराष्ट्रात का नाही, असं कुणीही विचारेल आणि विचारायलाच हवं. ऊस आहे, मळी आहे, डिस्टिलरी आहेत, सहवीज प्रकल्प आहेत. पण इथॅनॉलची टाकी आणि ही टाकी यात मोठा फरक आहे. इथॅनॉलच्या किण्वनात यीस्टला हवा लागत नाही, आणि ते स्वतःच अल्कोहोल बनवून बाकीच्या जंतूंना हुसकावून लावतं, त्यामुळे टाकी थोडी अस्वच्छ असली तरी बॅच निघते. शिझोकायट्रियमचं तसं नाही. त्याला भरपूर ऑक्सिजन लागतो, म्हणजे हजारो लिटर निर्जंतुक हवा सतत दाबून सोडायची, वर ढवळत राहायचं, आणि विजेचं बिल तिथंच चढतं. गोड, कोमट, हवेशीर पाणी म्हणजे जगातल्या प्रत्येक बॅक्टेरियाला आमंत्रणच, आणि बॅक्टेरिया शैवालापेक्षा कितीतरी वेगानं दुप्पट होतो. एखाद्या व्हॉल्व्हच्या सीलमधून एक शिरला की दोन दिवसांत आख्खी टाकी गटारात. त्यामुळे लागणारी शिस्त डिस्टिलरीची नाही, अँटिबायोटिक बनवणाऱ्या कारखान्याची आहे. भारतात तशी माणसं आणि तसे प्लँट आहेत, फक्त ते औषधाच्या धंद्यात आहेत, साखरेच्या नाही. या दोघांना एका टेबलावर बसवलं तर काहीतरी होऊ शकतं असं मला खरंच वाटतं.

साखरेवर आक्षेपही आहे आणि तो रास्त आहे. समुद्र वाचवायला निघालो आणि मका-ऊस लावायला जमीन, पाणी खर्च केलं तर काय कमावलं? मराठवाड्यात उसाच्या पाण्यावरून जे चाललंय ते बघितलेल्या माणसाला हा प्रश्न पडणारच. म्हणून बरेच संशोधक उन्हावर वाढणाऱ्या शैवालाकडे बघतात, नॅनोक्लोरोप्सिससारखं, ज्यात ईपीए चांगलं असतं. नॉर्वेत मोंगस्टाड इथं रिफायनरीशेजारी 2016 ला धुरातला कार्बन डायऑक्साइड देऊन शैवाल वाढवायचा प्रयोग सुरू झाला. कल्पना सुंदर आहे, अडचण पाण्यात आहे. उघड्या तळ्यात एका लिटरमधे शैवाल असतं अर्धा ग्रॅम, फार तर एक. म्हणजे एक किलो कोरडं शैवाल मिळवायला हजार-दोन हजार लिटर पाणी गाळा, मग पेशींतलं पाणी उडवा, मग चिवट पेशीभित्तिका फोडा नाहीतर माशाला पचत नाही. दर टप्प्यावर वीज. सॅल्मनच्या लाखो टनांच्या खाद्यासाठी हा मार्ग नजीकच्या काळात परवडेल असं मला दिसत नाही.

प्रोटीनसाठी शैवाल, म्हणजे फिशमीलच्या जागी, हेही तसंच. 2020 मधे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता क्रूझमधल्या पल्लब सरकार आणि त्यांच्या गटानं तिलापिया या माशावर फार चांगलं काम केलं. तेल काढून उरलेलं नॅनोक्लोरोप्सिसचं पीठ अधिक शिझोकायट्रियम, फिशमील शून्य, फिश ऑइल शून्य, आणि मासे नेहमीच्या खाद्यापेक्षा जास्त वाढले. पण त्यात एक अट लपलेली आहे, ते पीठ स्वस्त पडतं कारण तेल दुसऱ्या कुणाला विकून झालेलं असतं. मुख्य धंदा तेलाचाच. सोयाशी नुसत्या प्रोटीनच्या भावावर टक्कर शैवाल देऊ शकणार नाही, आणि द्यायला जाऊही नये.

एक जागा मात्र अशी आहे जिथं शैवाल कधीच "भविष्य" नव्हतं, रोजचं काम होतं. आपल्या पूर्व किनाऱ्यावरच्या कोळंबीच्या हॅचरीत, म्हणजे पिल्लं तयार करतात तिथं, जाऊन बघा. वातानुकूलित खोलीत ट्यूबलाइटच्या उजेडात फ्लास्क, त्यातून बरण्या, बरण्यांतून बाहेरच्या टाक्या, सगळीकडे चहासारखं तपकिरी पाणी बुडबुडतंय, ते कीटोसेरॉस नावाचं सूक्ष्म शैवाल. कोळंबीची पिल्लं अंड्यातून निघून झोइया अवस्थेत आली की त्यांना हेच लागतं, पेशी मोजून दिल्या जातात, कमी पडल्या तर पिल्लांच्या मागं लांब विष्ठेचा धागा दिसत नाही आणि टेक्निशियनचा चेहरा पडतो. पालघर-रायगडच्या तळ्यात वाढणारी व्हॅनामी कोळंबी पण कधीतरी या तपकिरी पाण्यावरच वाचलेली असते. तिथं किलोचा भाव कुणी विचारत नाही, कारण पर्याय नाही.

आणि आपल्या स्वतःच्या समुद्राकडेही बघायला हवं. केरळात 2012 ला तारली जवळपास 4 लाख टन मिळाली होती, 2021 ला साडेतीन हजार टनांच्याही खाली. तारली मुळातच असा मासा आहे की येतो तेव्हा ढिगानं येतो, जातो तेव्हा गायब. पण पश्चिम किनाऱ्यावर गोवा-कर्नाटकापर्यंत जे फिशमीलचे कारखाने उभे राहिलेत त्यांची भूक तारली गायब झाली म्हणून थांबत नाही, मग जाळ्यात येईल ती बारीक मासळी तिकडे जाते, ज्यात उद्या मोठे होणारे मासेही असतात. पेरूत निदान पिल्लं दिसली की हंगाम थांबवणारी यंत्रणा आहे. आपल्याकडे पावसाळ्यातली बंदी सोडली तर तितकं कडक काही नाही.

रोहू-कटलाला समुद्री तेल जवळपास लागतच नाही, त्यांच्यासाठी शैवालाचा विचार करण्यात अर्थ नाही. कोळंबीच्या खाद्यात थोडं लागतं. खरी गरज आहे ती जिताड्याला आणि समुद्रातल्या पिंजऱ्यात वाढणाऱ्या कोबियाला, हे दोन्ही मांसाहारी मासे, दोघांनाही ईपीए-डीएचए बाहेरून द्यावंच लागतं. रायगडात पेण-अलिबागकडे लोक पिढ्यानपिढ्या तळ्यात जिताडा सोडतात, छोटे मासे खाऊन तो वाढतो, बाजारात भावही उत्तम मिळतो. ही शेती गोळीखाद्यावर न्यायचे प्रयत्न चालू आहेत, आणि खाद्याचा फॉर्म्युला ठरायच्या आतच त्यात फिश ऑइलचा काही भाग शैवालाच्या तेलानं बदलून चाचणी घेता येईल. वर्सोव्याची मत्स्यशिक्षण संस्था आहे, चेन्नईची निमखाऱ्या पाण्याची संस्था जिताड्याच्या पिल्लांवर आणि खाद्यावर काम करतेच. पिंजरे थोडे आहेत, टनेज थोडं आहे, चूक झाली तर नुकसानही थोडं. नॉर्वेला वीस लाख टनांची गाडी वळवायची आहे, आपली गाडी अजून सुटायचीय, आणि पुढच्या एल निनोच्या आत ही चाचणी एका हंगामासाठी लागली पाहिजे, तेल विकत आणून का होईना.